मी चार सोसायट्या करते

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी मागच्या आठवड्यात तासभर उशिरा आल्या, पार घामाघूम. काय झालं विचारलं तर म्हणाल्या, "ताई मी चार सोसायट्या करते ना, त्यातल्या एकीत लिफ्ट बंद होती. म्हणजे आमची. अकरा मजले चढले दोनदा." बाकीच्या दोन लिफ्ट व्यवस्थित चालू होत्या हे त्यांनी आपणहून सांगितलं पण नाही, मी खोदून विचारलं तेव्हा कळलं (बंद होती ती सर्व्हिस लिफ्ट, कामाच्या बायकांनी तीच वापरायची असा बोर्ड आहे). तक्रारीचा सूरही नव्हता. ट्रान्सहार्बरची गाडी लेट होती हे आपण जसं सांगतो तसं सांगितलं आणि कणीक मळायला घेतली.

माझ्या डोक्यात मात्र दोन गोष्टी अडकून बसल्या. एक ते "म्हणजे आमची", आणि दुसरं "सोसायट्या करते". भांडी करते, पोळ्या करते, तशा सोसायट्या करते. आणि खरंच आहे ते, घणसोलीतल्या त्या चार बिल्डिंगी रोज सकाळी चालू होतात त्या मावशींसारख्यांमुळेच, पण एकाही सोसायटीच्या कुठल्याही कागदावर त्यांचं नाव नाही, गेटवरच्या अ‍ॅपमध्ये फोटो आहे तेवढाच.

सोसायटी हा शब्द आपण दिवसातून किती वेळा वापरतो ते एकदा मोजून बघा. कुठली सोसायटी, सोसायटीचं पाणी, सोसायटीत गणपती, सोसायटीवाले ऐकत नाहीत. इंग्लिश शब्द आहे हे विसरायला झालंय इतका तो आपला आहे, नवी मुंबईत तर रिक्षावाला सेक्टर विचारून झाला की पुढचा प्रश्न सोसायटीचाच. अनेकवचनसुद्धा मराठी नियमाने होतं, सोसायट्या. भाषेत शब्द मुरला की नाही ते अनेकवचनावरून ओळखावं असं माझं मत आहे. तो मुरला याची मला अजिबात तक्रार नाही, "गृहनिर्माण संस्था" म्हणा असा आग्रह धरणाऱ्यांपैकी मी नाही. माझी तक्रार वेगळी आहे. हा शब्द मुरता मुरता इतका आटला की त्यातून माणसं गळून पडली आणि गेट, पार्किंग, लिफ्ट एवढंच राहिलं, आणि मग जे गेट सांभाळण्यासाठी नेमलेले लोक आहेत (कमिटीबद्दल बोलतेय, वॉचमनबद्दल नाही) त्यांना वाटायला लागलं की आत कोणी राहायचं हे पण आपणच ठरवायचं. ते त्यांचं काम नाही. एवढंच म्हणायचंय, पण ते सांगायला जरा लांबून यावं लागेल.

माझे वडील, आप्पा, माथाडी. पाटण तालुक्यातून आले, आधी मस्जिद बंदरला आणि मग मार्केट वाशीला आलं तेव्हा कोपरखैरण्याला, माथाडींच्या घरात. आमच्या घरी मी लहान असताना सोसायटी म्हणजे बिल्डिंग नव्हतीच. सोसायटी म्हणजे गावची सोसायटी, विकास सोसायटी, जी पीककर्ज देते. "सोसायटी भरायची राहिलीय" म्हणजे हप्ता. "सोसायटी उचलली" म्हणजे कर्ज घेतलं. चुलते सोसायटीच्या निवडणुकीला उभे राहिले होते आणि पडले होते, तो विषय घरात अजून कोणी काढत नाही. मी कॉलेजमधल्या मैत्रिणीकडे ठाण्याला पहिल्यांदा गेले, घोडबंदर रोडला, तिने सांगितलं होतं "आमची सोसायटी मोठी आहे", आणि आप्पांनी विचारलं, किती सभासद, कर्ज किती टक्क्यांनी देतात.

तेव्हा हसलो होतो आम्ही. आता वाटतं आप्पांचा प्रश्न बरोबर होता. कारण गावची ती सोसायटी आणि घोडबंदरचा तो बत्तीस मजली टॉवर दोन्ही एकाच कायद्याची लेकरं आहेत, महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा, १९६०. त्याच्या मागे जात गेलं तर १९०४ चा इंग्रजांचा सहकारी पतसंस्थांचा कायदा, आणि त्याच्याही मागे सावकारी. १८७५ साली सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि गहाणखतं जाळली, पुणे-नगरकडे ते लोण पसरलं, दख्खनचे दंगे म्हणून शाळेत आपण दोन मार्कांना शिकलो तेच. कर्जात बुडालेल्या माणसाला सावकाराच्या दारात न जाता एकमेकांच्या जामिनावर पैसे मिळावेत या खटपटीतून पुढे हा सोसायटी शब्द मराठी खेड्यात पोचला. म्हणजे आपल्याकडे तो आला तेव्हा एकट्याने जे जमत नाही ते चौघांनी मिळून करायचं या अर्थाने आला होता.

मूळ पाहिलं तर अजून मजा आहे. इंग्लिशमध्ये सोसायटी आला सोळाव्या शतकात, फ्रेंचमधून, आणि फ्रेंचमध्ये लॅटिनमधून. लॅटिनमध्ये सोशियस म्हणजे सोबती, भागीदार. आपल्या भाषेत सांगायचं तर भिडू. सुरुवातीला इंग्लिशमध्येही सोसायटी म्हणजे निव्वळ सोबत, कुणाच्या तरी सहवासात असणं. मग ठराविक कामासाठी जमलेली मंडळी, जशी १६६० ची लंडनची रॉयल सोसायटी. मग बड्या लोकांचं वर्तुळ, पार्ट्या वगैरे, आणि एकीकडे सगळ्या माणसांचा मिळून जो होतो तो अर्थ, ज्याला आपण समाज म्हणतो. भाषेचा अभ्यास करणारे सांगतात की या सोशियसचं मूळ आणि आपल्या संस्कृतमधल्या सच् धातूचं मूळ एकच, बरोबर जाणं, साथ देणं. त्याच कुळातला "सखा". आणि त्याच सच् पासून "सचिव". म्हणजे बघा, सोसायटी, सखा आणि सचिव ही तीन भावंडं आहेत, दूरची असतील पण आहेत! आमच्या सेक्रेटरी काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले मेंटेनन्स थकलाय तुमचा.

(सेक्रेटरी शब्दाचं कूळ मात्र वेगळं, तो सीक्रेटवरून आला, गुपितं सांभाळणारा. तीन वर्षं लिफ्टच्या एएमसीची, म्हणजे वर्षभराच्या देखभालीच्या कंत्राटाची, कोटेशन मागतेय मी, त्यामुळे हा अर्थ मला लगेच पटला.)

गंमत म्हणजे खुद्द इंग्लंडमध्ये "बिल्डिंग सोसायटी" म्हणजे बिल्डिंग नाहीच, ती घरासाठी कर्ज देणारी संस्था. पहिली निघाली १७७५ मध्ये बर्मिंगहॅमला, एका खानावळीत, केटली नावाचा मालक होता. दहा-वीस जण दर महिन्याला पैसे काढणार, साठले की एकाचं घर, मग दुसऱ्याचं, शेवटच्याचं घर झालं की सोसायटी बंद. आपली भिशीच की. आप्पांनी घोडबंदरच्या सोसायटीचं व्याज विचारलं ते तिकडे बरोबर ठरलं असतं.

आता समाज. हा शब्द आपला, पण त्याचंही असंच झालंय. सोसायटी आटून बिल्डिंग झाली आणि समाज आटून जात झाला. "आमच्या समाजाचा हॉल आहे", "समाजाचा मेळावा आहे सीवूड्सला", "मुलगी समाजातलीच आहे ना?" इथे समाज म्हणजे अख्खा समाज असं कोणाच्या मनातही येत नाही. अमरकोशात, म्हणजे संस्कृतच्या जुन्या शब्दकोशात, याची फार नेमकी वाटणी केलीय, पशूंचा तो समज, इतरांचा म्हणजे माणसांचा तो समाज, आणि एकाच धर्माच्या, एकाच रीतीच्या लोकांचा जो गट त्याला वेगळा शब्द दिलाय, निकाय. म्हणजे ज्याला आपण लग्नाच्या पत्रिकेच्या वेळी "समाज" म्हणतो त्याला अमरसिंहाच्या हिशेबाने निकाय म्हणायला पाहिजे, समाज हा शब्द वेगवेगळ्या माणसांच्या एकत्र येण्यासाठी ठेवलेला होता. महात्मा फुल्यांनी १८७३ साली पुण्यात सत्यशोधक समाज काढला तेव्हा समाज शब्द त्यांनी तसाच वापरला, दार जातीवर उघडणारं नव्हतं. आणि दीडशे वर्षांनी आपण समाज म्हटलं की आडनाव ऐकू येतं.

मग बिल्डिंगीला जर सोसायटी शब्द लागला आणि जातीला समाज, तर सगळ्यांचं मिळून जे काही आहे त्याला मराठीत नाव काय उरलं? "पब्लिक". पब्लिक लय आहे, पब्लिक बघतंय, पब्लिकला अक्कल नाही. पब्लिक म्हणताना आपण स्वतः त्यात कधीच नसतो.

ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचरबाई १९८७ मध्ये एका मुलाखतीत म्हणाल्या होत्या की सोसायटी असं काही नसतंच, व्यक्ती असतात आणि कुटुंबं असतात. त्यावर तिकडे अजून भांडतात लोक. हेच वाक्य ठाण्यात कोणी म्हटलं तर समोरचा शांतपणे विचारेल, का, कन्व्हेयन्स झालं नाही का अजून, जमीन सोसायटीच्या नावावर नाही झाली?

तर मुद्द्यावर येते. मागच्या वर्षी मला कमिटीत घेतलं, महिलांच्या राखीव जागेवर, कोणीच तयार नव्हतं म्हणून. पहिल्याच मीटिंगला तीन विषय. एक, बॅचलर भाडेकरू बंद. दोन, घरकामाच्या बायका आणि डिलिव्हरीवाल्यांनी सर्व्हिस लिफ्टच वापरायची, तसा बोर्ड लावायचा. तीन, गच्चीचं वॉटरप्रूफिंग. तिसऱ्या विषयावर कोणी बोललं नाही, पाऊस दीड महिन्यावर होता. पहिल्या दोनवर दोन तास. एक काका म्हणाले, "आपली सोसायटी चांगली आहे, चांगल्याच लोकांची राहिली पाहिजे." सगळ्यांनी माना हलवल्या. चांगले म्हणजे कोण ते कोणी विचारलं नाही आणि खरं सांगायचं तर मीही विचारलं नाही, नवीन होते, गप्प बसले. घरी येऊन आदर्श उपविधी, म्हणजे सोसायट्यांची सरकारी नमुना नियमावली, डाऊनलोड केले आणि वाचत बसले, जे मला वाटतं आमच्या कमिटीत त्याआधी कोणी केलं नव्हतं.

तिथे सरळ लिहिलंय की सभासदाला फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची आधी परवानगी लागत नाही. कळवायचं, कराराची प्रत द्यायची, पोलिसांना माहिती दिल्याची प्रत जोडायची, झालं. आमच्याकडे मात्र "एनओसी फॉर्म" आहे, त्यात भाडेकरूचं गाव, धंदा, लग्न झालंय का, आणि एक रकाना "व्हेज / नॉनव्हेज". हा रकाना कोणत्या उपविधीत आहे म्हणून मी विचारलं तर उत्तर आलं पूर्वीपासून आहे. बिल्डिंग २०११ ची आहे. भाड्याने दिलेल्या फ्लॅटवर सोसायटी जे नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लावते त्यालाही सरकारने २००१ मध्ये मर्यादा घातली, सेवाशुल्काच्या १० टक्के. त्याच्या आधी लोक मनाला येईल ते लावत होते, म्हणून घालावी लागली. म्हणजे भाडेकरू दिसला की सोसायटीला काय होतं हे सरकारलाही ठाऊक आहे.

आणि भाडेकरूला सोसायटीत फार तर काय होता येतं माहितीय? नाममात्र सभासद. मत नाही, निवडणूक नाही. शब्दच बघा ना, नाममात्र. तो बिचारा मेंटेनन्सचा भार घरभाड्यातून उचलतो, गणपतीची वर्गणी देतो, त्याच्या पोरांचा डान्स कल्चरल प्रोग्रॅममध्ये पहिला असतो, आणि नाममात्र.

आता समोरच्या बाजूचं पण ऐकून घेतलं पाहिजे, कारण ती बाजू अगदीच पोकळ नाही. एक तर सुरक्षितता. आमच्याच विंगमध्ये चार मुलं राहायची, रात्री दोनला स्पीकर, एकदा तर पार्किंगमध्ये बाटल्या फुटल्या, खालच्या मजल्यावर आजारी आजी होत्या. त्रास होतो, खरं आहे. पण त्यावर उपाय त्या चार मुलांना नोटीस, त्यांच्या मालकाला पत्र, नाही ऐकलं तर पोलीस. पुढे येणाऱ्या प्रत्येक अविवाहित माणसाला बंदी हा उपाय नाही, कारण पार्किंगमध्ये बाटल्या फोडणारे लग्न झालेले सभासदही मी ३१ डिसेंबरला बघितलेत आणि त्यांना एनओसी लागत नाही. महापे-ऐरोलीच्या कंपन्यांत नागपूर, लातूर, नांदेडहून पोरंपोरी येतात, पहिली नोकरी असते, त्यांनी राहायचं कुठे? आपल्या भावाचा पोरगा पुण्याला खोली शोधत फिरतो तेव्हा आपल्याला पुणेकरांचा राग येतो, तेवढा वेळ आपण समाज असतो, घरी आलो की परत सोसायटी.

दुसरा मुद्दा जास्त जड आहे. लोक म्हणतात, चार माणसांनी एकत्र येऊन घर बांधलं तर सोबत कोण असावं हे निवडायचा हक्क त्यांना नको का? सोशियस म्हणजे सोबतीच ना, तुम्हीच सांगितलंत. आणि कोर्टही एकदा त्यांच्या बाजूने गेलंय. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीने सभासदत्व पारशांपुरतं ठेवलं होतं, २००५ साली सुप्रीम कोर्टाने ते चालेल म्हटलं, संघटना करण्याच्या स्वातंत्र्याचा आधार घेऊन. मुंबईतल्या सहकारी घरांची सुरुवातही तशीच झाली, १९१५ च्या सुमाराला गावदेवीला सारस्वत मंडळींनी सोसायटी काढली, मग एकेका ज्ञातीच्या वसाहती झाल्या. तेव्हा उगाच जुन्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. चाळीतही नाही. चाळीला गेट नव्हतं पण खोली देताना आडनाव विचारायचेच.

तरी मला हा युक्तिवाद आपल्या टॉवरांना लागू होतो असं वाटत नाही. दहा-वीस ओळखीची माणसं स्वतःहून एकत्र आली, जागा घेतली, घर बांधलं, तिथे सोबती निवडण्याची भाषा निदान समजते तरी (मला आवडत नाही, पण समजते). आपण कुठे कोणाला निवडलंय? बिल्डरने जाहिरात दिली, आपण बँकेचं कर्ज काढलं, ज्याला परवडलं तो आला. तीनशे फ्लॅटच्या सोसायटीत पहिल्या सभेच्या दिवशी एकमेकांची नावं माहीत नसतात. ज्यांना कोणी निवडलं नाही त्यांनी दहा वर्षांनी दाराशी उभं राहून दुसऱ्यांना निवडायला लागायचं हे कुठलं संघटनास्वातंत्र्य?

आणि सहकाराचं म्हणाल तर त्याचा पहिलाच नियम उलटा आहे. १८४४ साली इंग्लंडमध्ये रॉचडेलला अठ्ठावीस जणांनी, त्यात बरेच विणकर होते, एक दुकान काढलं, पीठ, लोणी, साखर, ओटचं पीठ असलं साधं सामान, कारण बाजारात भेसळ आणि उधारीची लूट. त्यांच्या संस्थेच्या नावातही सोसायटी होतंच. त्यांनी जे नियम घातले ते जगभरच्या सहकाराचा पाया झाले, आणि त्यात मुख्य दोन, दार सगळ्यांना उघडं, आणि एका माणसाला एक मत. शेअर किती का असेनात. म्हणून तर आमच्याकडे चार बेडरूमवाल्याला पण एकच मत आणि वन आरकेवाल्यालाही एकच, हे चार बेडरूमवाल्यांना अजून पटलेलं नाही. आपल्या कायद्यातही खुल्या सभासदत्वाचं तत्त्व आहे, योग्य कारण असल्याशिवाय पात्र माणसाला सभासदत्व नाकारता येत नाही. "चांगले लोक" हे योग्य कारण कोणत्या कलमात बसतं?

नवी मुंबईकरांसाठी तर यात आणखी एक पाचर आहे. सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, १९७० ला स्थापन झाली, ९५ गावांची जमीन घेतली, त्यातली भातशेती आणि मिठागरं गेली त्या आगरी-कोळी लोकांनी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या मागे जाऊन गोळ्या खाल्ल्या, पाच जण गेले, तेव्हा कुठे पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळाली. त्या जमिनीवर आपली बिल्डिंग. आणि ती जमीन तरी आपली आहे का? बहुतेकांच्या कागदावर बघा, सिडकोचा भाडेपट्टा, ६० वर्षं. फ्लॅट विकायचा तरी सिडकोची परवानगी आणि ट्रान्सफर चार्ज. जमीन फ्रीहोल्ड, म्हणजे मालकीची, होणार अशा बातम्या दर निवडणुकीला येतात, तो भाग सोडा. म्हणजे आमच्या कमिटीचे नऊच्या नऊ सदस्य मुळात भाडेकरू आहेत, पट्टा जरा लांब आहे एवढंच, आणि हे नऊ भाडेकरू बसून ठरवतात की अकरा महिन्यांचा भाडेकरू घ्यायचा की नाही. हे मी सभेत बोलले. एकदम शांतता. मग कोणीतरी म्हणालं मॅडम विषयाला धरून बोला.

लिफ्टचं पण असंच. सर्व्हिस लिफ्ट कशासाठी असते, तर फर्निचर, सिलिंडर, कचरा, पेशंटचं स्ट्रेचर. माणसांसाठी नाही म्हणून ती वेगळी. तिच्यात माणसं घालायची ठरवली की त्या माणसांना आपण कशात मोजलं ते आपोआप ठरतं. त्यावर एक ताई म्हणाल्या "स्वच्छतेचा प्रश्न आहे". ज्या बाईने तुमच्या स्वयंपाकघरातल्या कणकेत हात घातलेत तिचा हात लिफ्टच्या बटणाला लागला तर स्वच्छतेचा प्रश्न? हे मला अजूनही कोणी समजावून सांगितलं नाही. २०२० मध्ये जेव्हा सोशल डिस्टन्सिंग नावाचं प्रकरण आलं (सोशल पण सोशियसवरूनच, म्हणजे सोबत्यांचं लांब राहणं, शब्दाचीच गोची) तेव्हा तीन महिने या बायकांना आत घेतलं नाही आणि काही घरांनी पगार दिला, काहींनी नाही. आणि मग सगळ्यात आधी त्यांनाच परत बोलवा म्हणून ग्रुपवर भांडणं झाली. तेव्हा कळलं होतं ना सोसायटी कोण चालवतं?

रोमची एक गोष्ट यावर मला फार बोलकी वाटते. रोमचे इटलीत जे दोस्त प्रदेश होते त्यांना सोशिआय म्हणत, सोशियसचं अनेकवचन. हे सोबती रोमच्या लढाईला सैन्य द्यायचे, मरायचे, पण रोमचं नागरिकत्व नाही, मत नाही. नाममात्र सभासद! पिढ्यानपिढ्या असं चाललं. शेवटी ड्रूसस नावाच्या एका पुढाऱ्याने त्यांना नागरिकत्व द्यायचा ठराव आणला, त्याचाच खून झाला, इसवी सनापूर्वी ९१ मध्ये, आणि बरेच सोबती रोमवर उलटले. त्या युद्धाला इंग्लिशमध्ये सोशल वॉर म्हणतात, मला आधी वाटायचं सामाजिक युद्ध असेल, पण अर्थ आहे सोबत्यांचं युद्ध. आणि पुढच्याच वर्षी, युद्ध चालू असताना, रोमने कायदा करून जे शांत होते त्यांना नागरिकत्व दिलं, मग हळूहळू बाकीच्यांनाही. म्हणजे जे एका ठरावात देता आलं असतं ते हजारो मेल्यावर दिलं. आमच्या बिल्डिंगीत मावशी काही तलवार घेऊन येणार नाहीत हे मला कळतं. त्या फक्त पाचवी सोसायटी धरतील आणि आमची सोडतील. दोन जणींनी सोडलीच आहे, लिफ्टच्या बोर्डानंतर.

मला कोणी म्हणेल की शब्दाच्या मुळाशी जाऊन आजचे नियम ठरत नसतात. मान्य. सच् धातू सांगून ठराव पास होत नाही, हे मी करून बघितलंय. अर्थ बदलतातच, आणि उद्या सोसायटी म्हणजे निव्वळ बिल्डिंग असं शब्दकोशात आलं तरी मला चालेल, पण मग निव्वळ बिल्डिंगीसारखं वागा. बिल्डिंग सांभाळा. गच्ची गळतेय, पंप जळतोय, फायरच्या नळाला पाणी नाही, ऑडिट दोन वर्षं थकलंय. कोणाच्या ताटात काय आहे आणि कोणाचं लग्न झालंय हे बिल्डिंगीला कळायची गरज नसते, सिमेंटला जेवण समजत नाही. आणि जर तुम्हाला ते सगळं ठरवायचंच असेल, आम्ही नुसती बिल्डिंग नाही, आम्ही संस्कृती आहोत, कुटुंब आहोत असं म्हणायचं असेल, तर मग तुमच्यात राहणाऱ्या आणि राबणाऱ्या सगळ्यांना धरून सोसायटी व्हा, वॉचमनला बसायला खुर्ची आणि वापरायला संडास द्या, भाडेकरूला सभेत निदान बोलू द्या. अर्धं इकडचं अर्धं तिकडचं, हक्क समाजाचे आणि जबाबदारी पाइपलाइनची, हे जमणार नाही.

परवा आप्पा आले होते, गावाकडून आलेले तांदूळ घेऊन. गेटवर नवा वॉचमन, बिहारचा पोरगा, वहीत लिहायला विचारलं कौन सी सोसायटी से. त्याला विचारायचं होतं कुठून आलात. आप्पांनी प्रामाणिकपणे गावच्या विकास सोसायटीचं नाव सांगितलं, त्याने ते लिहून घेतलं, रकाना भरला. पिशवी हातात बघून त्याने त्यांना सर्व्हिस लिफ्टकडे पाठवलं. आप्पा आयुष्यभर गोणी वाहिलेला माणूस, त्यांना त्यात काही वाटलं नाही, वर येऊन म्हणाले लिफ्ट मोठी आहे तुमची, पोतं पण मावेल.

पोराची चूक नाही, बोर्ड आम्हीच लावलाय, ठरावावर माझी पण सही आहे, हजेरीची म्हणून केलेली. पुढची सभा १७ तारखेला आहे. बोर्ड काढायचा आणि एनओसी फॉर्ममधले चार रकाने काढायचे असे दोन विषय मी दिलेत. सेक्रेटरी काका म्हणाले लेखी द्या, तोंडी चालत नाही. काल रात्री अर्ज लिहायला बसले, "प्रति, मा. सचिव" लिहिलं आणि पहिल्यांदाच त्या शब्दावर हसू आलं. खाली विषय लिहिला, लिफ्ट. मग खोडून लिहिलं, सर्व लिफ्ट.